अस्वलाच्या मुखवट्याआडचा चष्मा

(प्रतिनिधी)

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाच्या तालमी सुरू होतात आणि घराघरांत स्पंज, कात्री, फेविकॉल यांचा पसारा मांडला जातो. ससा, सिंह, अस्वल, माकड अशा पात्रांची डोकी भाड्याने मिळतात. पण ती बहुधा मोठ्यांच्या मापाची, जड आणि आजवर अनेकांच्या घामाने भिजून वाळलेली असतात. त्यामुळे घरच्या घरीच डोके तयार करण्याकडे पालकांचा कल असतो. कान किती मोठे, नाक काळे की तपकिरी, याची चर्चा रात्री अकरापर्यंत चालते. मात्र त्या डोक्यात शिरणाऱ्या मुलाला चष्मा आहे, याची आठवण रंगीत तालमीच्या दिवशीच होते.

प्रस्तुत प्रतिनिधीला ही आठवण अंमळ आधी झाली, तीही एका फुटलेल्या गुडघ्यामुळे. गेल्या हिवाळ्यात तिसरीतल्या भाचीला शाळेच्या नाटुकल्यात अस्वलाची भूमिका मिळाली. तिच्या दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे साडेचार. भाड्याने आणलेले डोके चष्म्यावरून बसेना, तेव्हा ‘पाच मिनिटांचा तर प्रवेश आहे, चष्मा काढून ठेव,’ असे तिला सांगण्यात आले. तिने तो काढला. तिसऱ्या तालमीला मंचाची कड न दिसल्याने ती खालच्या पायरीवर आपटली. त्यानंतर निघालेला तोडगा गुडघ्याहून अधिक लागणारा होता. अस्वल दुसऱ्या मुलीला द्यावे आणि हिला झाड करावे. झाडाला चालावे लागत नाही. शाळेत ती रडली नाही. घरी आल्यावर मात्र तिने विचारले, ‘‘मामा, चष्मेवालं अस्वल नसतंच का?’’ ज्याच्या नाकावर वयाच्या नवव्या वर्षापासून चष्मा आहे, अशा मामाला हा प्रश्न हसण्यावारी नेणे शक्य नव्हते. ताईने शाळेत जाऊन आठ दिवसांची मुदत मागून घेतली. आत घालून नीट दिसेल असे डोके तयार झाले तर अस्वल तिचेच, असे ठरले.

या आठ दिवसांत जे वाचले, विचारले आणि चुकून शिकलो, ते इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून हा प्रपंच.

चष्मा काढला तर काय बिघडते?

चष्मा न लावणाऱ्यांना ‘थोडे अंधुक दिसत असेल’ एवढीच कल्पना असते. उणे नंबराचे गणित सोपे आहे. एक मीटरला नंबराने भागले की त्या डोळ्याला कुठवर स्पष्ट दिसते ते अंतर मिळते. उणे एक नंबर असेल तर एक मीटरपर्यंत, उणे दोन असेल तर अर्ध्या मीटरपर्यंत. उणे साडेचारला हे अंतर सुमारे २२ सेंटिमीटर येते. याचा अर्थ असा की चष्मा काढल्यावर या मुलीला स्वतःचा तळहातही जवळ धरल्याशिवाय नीट दिसत नाही. त्यावर मुखवटा चढवला की बाजूची आणि खालची नजरही जाते. उरलेल्या फटीसमोर जाळी येते आणि प्रकाश घटतो. मंचावर समोरून येणाऱ्या झोताने डोळे दिपतात, त्याची भर वेगळीच. अशा अवस्थेत मुलाला नाचायला लावणे म्हणजे डोळे बांधून आंधळी कोशिंबीर खेळवण्याजोगेच आहे. फरक इतकाच, की तो खेळ निदान सपाट अंगणात होतो.

मुखवट्यांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. जव्हार-मोखाड्याकडच्या बोहाड्यात लाकडाचे आणि कागदाच्या लगद्याचे मुखवटे नाचतात, तर कोकणातल्या दशावतारात सोंड लावलेला गणपती अवतरतो. अमेरिकेत तर प्राण्यांचे सर्वांगी पोशाख घरी शिवणाऱ्या हौशी मंडळींचे मोठाले मेळावे भरतात. ‘अँथ्रोकॉन’ नावाचा असा एक मेळावा २००६ पासून पिट्सबर्ग शहरात भरत आला आहे. तेथे पोशाखवाल्यांना डोके काढून बसता यावे म्हणून पंखे आणि पाणी ठेवलेली वेगळी खोली असते. चष्मा घालून वाघ-कोल्हा कसे व्हावे याचा सर्वाधिक खल याच मंडळींनी केला आहे. त्यांची कारागिरी महागड्या कृत्रिम केसाळ कापडाची असली, तरी मूळ प्रश्न आपल्या स्पंजाच्या अस्वलाचाच आहे.

काच धुरकट का होते?

मुखवट्याआडच्या चष्म्याचा पहिला शत्रू म्हणजे स्वतःचाच श्वास. उच्छ्वासाची हवा साधारण ३४ अंश सेल्सिअस तपमानाची आणि बाष्पाने जवळजवळ पूर्ण भरलेली असते. चष्म्याची काच त्याहून थंड असली, की काचेला लागलेली हवा गार होते, तिला तेवढे बाष्प धरून ठेवता येत नाही आणि ते सूक्ष्म थेंबांच्या रूपाने काचेवर बसते. प्रत्येक थेंब प्रकाश आपापल्या दिशेला विखुरतो आणि समोरचे सगळे दुधाळ दिसू लागते. पुण्यात डिसेंबरच्या संध्याकाळी उघड्या मैदानावरच्या मंचामागे काच चांगलीच गार पडलेली असते. मुंबईत थंडी नसली, तरी वातानुकूलित नाट्यगृहात गार झालेला चष्मा घालून मुखवटा चढवला की तोच प्रकार होतो.

२०२० मध्ये करोनाच्या काळात नाकावर मास्क चढला आणि चष्मेवाल्या साऱ्या जगाला हा अनुभव आला. त्यावरचा एक उपाय मात्र त्याआधीच छापून आला होता. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकात २०११ मध्ये शस्त्रक्रियेच्या वेळी मास्क लावणाऱ्यांसाठी साधी सूचना होती: चष्मा साबणाच्या पाण्याने धुवावा, पाणी झटकावे आणि तो हवेवर सुकू द्यावा किंवा मऊ कागदाने हलकेच टिपावा. साबणाचा अतिशय पातळ थर काचेवर उरतो. त्यामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि बाष्पाचे सुटे थेंब न बनता ते सपाट पसरते. सपाट थरातून आरपार दिसते. परिणाम फार वेळ टिकत नाही. पण पाच-सात मिनिटांच्या प्रवेशाला पुरतो. टूथपेस्ट चोळण्याचा सल्ला घरोघरी दिला जातो, तो मात्र मानू नये. टूथपेस्टमध्ये घासणारी पूड असते आणि प्लॅस्टिकच्या काचांवर तिचे ओरखडे उठतात. काचेवर विशेष लेप असेल तर कोणता साबण चालेल ते चष्मेवाल्याला आधी विचारून घ्यावे.

साबणापेक्षा साधी युक्ती अशी, की काच थंड राहूच देऊ नये. मंचावर जाण्याच्या पाच मिनिटे आधी चष्मा डोळ्यांवर आणि डोके डोक्यावर असावे. सुरुवातीचे धुके काच गरम झाल्यावर आपोआप विरळ होते. ज्यांचा चष्मा आयत्या वेळी पिशवीतून निघतो, त्यांची फजिती ठरलेली.

परंतु खरा इलाज साबणात नाही, मुखवट्याच्या रचनेत आहे. विषारी वायूपासून संरक्षणासाठी जो पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा वापरतात, त्याच्या आत नाका-तोंडाभोवती आणखी एक छोटी वाटी असते. श्वास त्या वाटीतून थेट बाहेर जातो आणि डोळ्यांपुढच्या काचेकडे फिरकत नाही. आमच्या अस्वलाला हीच कल्पना लागू पडली. एका गालापासून दुसऱ्या गालापर्यंत, चष्म्याच्या खालच्या कडेच्या किंचित खाली, नाकावर हलकीच टेकेल अशी मऊ स्पंजाची आडवी पट्टी आत चिकटवली. त्यामुळे डोळ्यांची खोली वेगळी आणि श्वासाची वेगळी झाली. अस्वलाचे तोंड उघडे ठेवून त्याला काळी जाळी लावली, म्हणजे श्वास मुस्कटातून निघून जातो. गरम हवा वर चढते, म्हणून गोल कानांच्या मागे दोन भोके पाडली; ती प्रेक्षकांना दिसत नाहीत. या भोकांचे महत्त्व चष्म्यापुरते नाही. उच्छ्वासात सुमारे चार टक्के कार्बन डायऑक्साइड असतो. बंद मुस्कटात तीच हवा पुन्हा पुन्हा आत घेतली, तर मूल लवकर दमते आणि त्याचे डोके दुखू लागते.

माप चष्म्यासकट घ्यावे

आमचा पहिला प्रयत्न सपशेल फसला. फुग्यावर कागदाचा लगदा थापून केलेले डोके तीन दिवसांत वाळले नाही. वाळले तेव्हा त्याची कडक कड चष्म्याच्या बिजागरीवर आदळू लागली. फुगा चष्मा लावत नाही, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. दुसऱ्या प्रयत्नात आईने कपाटातून माकडटोपी काढून दिली आणि तिच्यावर स्पंज चिकटवला. हे डोके बसले छान. पण घट्ट लोकरीने चष्म्याच्या दांड्या कानशिलावर अशा दाबल्या, की दहा मिनिटांत भाचीने ते काढून फेकले. दांडीचा दाब अगदी थोडा असला तरी तो कानावरच्या एकाच रेषेवर सतत पडतो आणि तिथून सुरू झालेली डोकेदुखी कपाळभर पसरते. हेल्मेट घालून दुचाकी चालवणाऱ्या चष्मेवाल्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

मार्ग सापडला तो चुंबळीत. पाण्याचा हंडा डोक्यावर घेताना बायका कापडाचे कडे करून ठेवतात, तसेच स्पंजाचे जाड कडे मुखवट्याच्या आत टाळूच्या जागी बसवले. सगळा भार टाळूवर आला. कपाळावर भुवयांच्या वर एक गादी आणि मागे मानेच्या वर दुसरी, एवढे आधार पुरतात. कानशिलांच्या बाजूला मात्र दोन बोटे जातील इतकी मोकळी जागा दोन्हीकडे ठेवावी. मुखवटा चेहऱ्याला कुठेही धरून नसला, तर चष्म्यावर दाब येण्याचे कारणच उरत नाही. प्रौढांसाठी बांधकामावरच्या कामगारांचे हेल्मेट हा उत्तम पाया ठरतो. त्यात डोक्याभोवतीचा पट्टा कमी-जास्त करता येतो, टाळूवर जाळे असते आणि कानांजवळची जागा उघडी राहते.

माप घेताना मूल चष्मा घालून बसलेले असावे, हे सांगणे विनोदी वाटेल. पण सर्वांत जास्त चूक येथेच होते. नाकाच्या शेंड्यापासून मागपर्यंतचे अंतर आणि चष्म्याच्या पुढच्या कडेपासून मागपर्यंतचे अंतर ही दोन वेगळी मापे आहेत. काच आणि मुखवट्याची आतली बाजू यांत किमान एक सेंटिमीटर अंतर हवे. ते नसेल तर मान हलताच काच जाळीवर घासते.

याहून अवघड प्रश्न डोके घालण्याचा आहे. टोपीसारखे वरून ओढायचे डोके चष्म्याला नाकावरून खाली ढकलत नेते. आत हात घालून तो सावरता येत नाही. मुखवटा आधी घालून उघड्या तोंडातून चष्मा आत सरकवण्याची कसरत काही हौशी मंडळी करतात. मोठ्यांना ती जमते, मुलांना नाही. आम्ही अस्वलाच्या मानेपासून टाळूच्या मागपर्यंत उभा छेद दिला आणि त्याला वेल्क्रो लावले. डोके पुढून चेहऱ्यावर टेकवायचे आणि मागे मिटायचे. चष्मा जागचा हलत नाही. शिवाय घाबरल्यास किंवा गुदमरल्यासारखे वाटल्यास मुलाला स्वतःच एका हिसक्यात डोके काढता येते. घरगुती मुखवट्याची ही पहिली परीक्षा समजावी. ज्याला स्वतःचे डोके स्वतः काढता येत नाही, त्याला ते घालूच देऊ नये.

चष्मा निसटू नये म्हणून दोन्ही दांड्यांना मागून जोडणारा खेळाडूंचा लवचीक पट्टा मिळतो. तो सैल असावा. आवळला की पुन्हा तीच डोकेदुखी. घाम नाकावरून ओघळला की चष्मा घसरतो, म्हणून आत पातळ सुती रुमाल कपाळावर बांधावा. जुना पण सध्याच्या नंबराचा, हलका आणि छोट्या चौकटीचा जोड असेल तर तोच वापरावा. मोठ्या फॅशनेबल चौकटीला आत जागा करता करता अस्वलाचा हत्ती होतो.

अस्वलाचे डोळे, मुलाचे डोळे

आठ वर्षांच्या मुलाच्या दोन बाहुल्यांमधले अंतर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास असते. अस्वलाचे डोके शोभून दिसायचे तर त्याचे डोळे याहून कितीतरी लांब लांब काढावे लागतात. परिणामी, अस्वलाच्या डोळ्यांना भोके पाडली तरी मुलाच्या डोळ्यांसमोर नेमका स्पंज येतो. म्हणून आम्ही अस्वलाचे डोळे नुसते रंगवले आणि पाहण्यासाठी दोन वेगळ्या जागा ठेवल्या. एक, मुस्कटाच्या मुळाशी दोन्ही डोळ्यांसमोरून जाणारी आडवी काळी जाळीची पट्टी. दुसरी, उघडे तोंड; त्यातून पायाखालची जमीन दिसते. जाळी काळीच घ्यावी आणि मुखवट्याची आतली बाजूही काळी रंगवावी. आत अंधार आणि बाहेर उजेड असला की आतल्याला बाहेरचे दिसते आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. आतून पांढरा स्पंज तसाच ठेवला तर त्याचे प्रतिबिंब चष्म्याच्या मागच्या बाजूवर पडते आणि काचेत दिव्यांचे ठिपके नाचतात. खिडकीला लावतात ती मच्छरांची जाळी घरच्या कामाला चालते.

तोंडातून पाहण्याच्या सोयीत मोठ्यांसाठी एक खोच आहे. शाळेत कधी शिक्षक, कधी हौसेने पालकही प्राणी होतात. मॉलच्या उद्घाटनाला आणि क्रीडास्पर्धांना बोधचिन्हाचे पोशाख घातलेली तरुण मुले तर आता नेहमीचीच झाली आहेत. दिल्लीच्या २०१० मधील राष्ट्रकुल स्पर्धांचा ‘शेरा’ वाघ अनेकांच्या स्मरणात असेल. पुण्यात २००८ मध्ये राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, त्यांचे बोधचिन्हही वाघच होते. चाळिशी उलटलेल्यांच्या चष्म्यात बहुधा दुहेरी किंवा चढत्या नंबराच्या काचा असतात. त्यांचा खालचा भाग वाचनासाठी असतो. मुखवट्याच्या तोंडातून पाहताना नजर काचेच्या याच खालच्या भागातून जाते. मग हातातले पुस्तक स्पष्ट दिसेल, पण समोरची पायरी धूसर. अशांनी मुखवट्यासाठी केवळ दूरच्या नंबराचा साधा चष्मा करून घ्यावा. तसे न जमल्यास पाहण्याची फट डोळ्यांच्या सरळ रेषेत ठेवावी.

पळवाटा

चष्म्याच्या काचा काढून थेट अस्वलाच्या डोळ्यांत बसवल्या तर? ही कल्पना आम्हालाही सुचली होती. ओळखीच्या चष्मेवाल्यांनी ती हसून मोडीत काढली. काच डोळ्यापासून साधारण १२ ते १४ मिलिमीटरवर असावी, असे धरून नंबर दिलेला असतो. तीच काच चार सेंटिमीटर पुढे गेली, तर उणे साडेचारची काच जेमतेम उणे चारइतके काम करते. शिवाय काचेचा मध्य बाहुलीसमोर येत नाही. मान वळवताना मुखवटा किंचित मागे राहतो आणि काचेतले दृश्य डोलू लागते. अग्निशमन दलासारख्या ठिकाणी पूर्ण चेहऱ्याच्या मुखवट्यात नंबरच्या काचा बसवतात. पण त्या बिनदांडीच्या स्वतंत्र चौकटीत, डोळ्यांजवळ, मोजून बसवलेल्या असतात. तेथे दांड्या टाळण्याचे कारणही निराळे आहे. मुखवट्याच्या कडेखालून दांडी गेली की फट राहते आणि विषारी हवा आत येते. अस्वलाला ती भीती नाही.

कॉन्टॅक्ट लेन्सचा मार्ग मोठ्यांना खुला आहे. मात्र ज्यांना तिची सवय आहे त्यांनीच तो धरावा. केवळ एका संध्याकाळच्या प्रवेशासाठी आठ वर्षांच्या मुलाला लेन्स लावू नये. मोठ्यांनीही कृत्रिम केसाळ कापड कापल्यावर मुखवटा आतून नीट झटकावा, कारण सुटलेला एक बारीक तंतू लेन्सखाली गेला तर डोळ्यांतून पाणी थांबत नाही. आत छोटा पंखा बसवण्याचीही पद्धत आहे. संगणकातला चिमुकला पंखा मोबाइल चार्ज करण्याच्या पॉवर बँकेवर चालतो. तो डोळ्यांवर वारा मारेल असा न लावता मुस्कटातली हवा बाहेर फेकेल असा लावावा. अन्यथा डोळे कोरडे पडतात. पॉवर बँक खिशात असावी, डोक्यात नव्हे. मुलांच्या मुखवट्यात हा खटाटोप करू नये, असे आमचे मत. पंख्याच्या घरघरीत त्यांना संवाद आणि हाका ऐकू येत नाहीत.

स्पंज चिकटवण्याच्या उग्र वासाच्या गोंदाबद्दल दोन शब्द. त्यातील द्रावक उडून जायला वेळ लागतो आणि बंद मुखवट्यात त्या वाफेने डोळे चुरचुरतात. डोके दोन-तीन दिवस गच्चीवर किंवा खिडकीत वाऱ्याला ठेवावे आणि वास पूर्ण गेल्यावरच घालावे. मुलांच्या चष्म्यांत बहुधा पॉलिकार्बोनेटच्या काचा असतात. त्या सहज फुटत नाहीत. परंतु ॲसिटोनसारख्या द्रावकाने त्यांचा पृष्ठभाग कायमचा खराब होतो. त्यामुळे गोंद लावलेले बोट चष्म्याला पुसू नये. आमच्याकडून पुसले गेले. सुदैवाने चष्मा मामाचा होता.

जमिनीवरच्या वाट्या

सातव्या दिवशी दिवाणखान्यात परीक्षा झाली. फरशीवर स्टीलच्या वाट्या ओळीने उपड्या ठेवल्या आणि अस्वलाला त्यांमधून चालायला सांगितले. पहिल्या फेरीत तीन वाट्या उडाल्या. तोंडाची फट बोटभर खाली वाढवल्यावर एकही उडाली नाही. मग दोन्ही बाजूंनी बोटे दाखवून कुठपर्यंत दिसते ते पाहिले. उघड्या डोळ्यांनी माणसाला डावी-उजवीकडे मिळून जवळजवळ दोनशे अंशांचा परिसर जाणवतो. मुखवट्यात त्याच्या निम्मासुद्धा उरत नाही. म्हणून मुलाला बाजूला पाहताना नजर नव्हे, अख्खी मान वळवायला शिकवावे लागते. ही सवय एका दिवसात होत नाही. मुखवटा तयार होताच उरलेल्या सगळ्या तालमी तो घालूनच कराव्यात. सकाळी मुद्दाम खिडकीत गार केलेला चष्मा घालूनही पाहिले. धुके आले, पण अस्वल स्वयंपाकघरातून परत येईपर्यंत विरले.

प्रयोगाच्या दिवशी सोबत एक मोठे माणूस विंगेत केवळ या मुलासाठी उभे असावे. पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळ डोके चढवून ठेवू नये. प्रवेश संपताच ते काढून पाणी द्यावे. दुसरी खबरदारी समईची. आपल्याकडे दीपप्रज्वलन झाल्यावर समई बहुधा मंचाच्या कडेलाच तेवत ठेवतात. सोफ्याचा स्पंज, म्हणजेच पॉलियुरेथेन, झपाट्याने पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. कृत्रिम केसाळ कापडही तसेच. ज्याला बाजूचे दिसत नाही असा प्राणी आणि उघडी ज्योत एका मंचावर नकोत. आमच्या विनंतीवरून समई प्रवेशापूर्वी खाली, प्रमुख पाहुण्यांसमोरच्या टेबलावर नेण्यात आली. त्यावर कुणाचाही आक्षेप आला नाही. तसे करण्याचे आजवर कुणाला सुचले नव्हते, इतकेच.

अस्वल मंचावर आले, मधाच्या पोळ्याभोवती दोनदा फिरले आणि ठरल्याप्रमाणे कडेपासून तीन पावले आधी थांबले. नंतर मागे वेल्क्रो उघडल्याचा आवाज मध्येच ध्वनिक्षेपकातून सर्वांना ऐकू आला. घामेजलेल्या भाचीच्या नाकावर चष्मा तसाच सरळ होता.

ते डोके आतून ओल्या फडक्याने पुसून, दोन दिवस सावलीत वाळवून आता शाळेलाच दिले आहे. पुढच्या वर्गातल्या ज्या मुलाला ते मिळाले त्याला चष्मा नाही. डोके कानशिलांशी फार सैल होते, अशी त्याच्या आईची तक्रार आली. तेथे दोन्ही बाजूंना एकेक घडी केलेला हातरुमाल ठेवावा, असे कळवले आहे. चिकटवू मात्र नये.